हेल्मेट निघालं की खेळ तिथंच थांबवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलची एक जुनी क्लिप सध्या आमच्या इकडच्या पोट्ट्यांच्या मोबाईलवर फिरून राहिली आहे. 2007 सालची. डॅलस काउबॉइजचा जेसन विटेन बॉल कॅच करतो, फिलाडेल्फियाचे दोघं येऊन त्याला धडकतात, हेल्मेट उडून जातं आणि हा गडी तसाच उघड्या डोक्यानं पळत सुटतो, एकूण 53 यार्ड काढतो. खाली कमेंट सगळ्या एकाच टाईपच्या, काय डेअरिंग आहे बाप्पा. डेअरिंग आहेच, वाद नाही. पण आज कोणी असं पळालं तर हेल्मेट उडाल्यानंतरचा एक यार्डही त्याला मिळणार नाही, कारण 2010 पासून तिथल्या प्रोफेशनल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, बॉल घेऊन पळणाऱ्याचं हेल्मेट पूर्ण निघालं की तिथंच शिट्टी, बॉल डेड, पुढचा डाव (इथं डाव म्हणजे इनिंग नाही, काही सेकंदांची एक चाल) त्याच जागेवरून. (हा फुटबॉल म्हणजे कामठीवाला आपला फुटबॉल नाही बरं का, हा बॉल काखेत दाबून एकमेकांच्या अंगावर जायचा खेळ आहे.)

मला जास्त आवडला तो त्यांच्या कॉलेजवाल्यांचा नियम. 2011 च्या सीझनमध्ये त्यांनी मोजून पाहिलं तर एका मॅचमध्ये सरासरी दोनपेक्षा जास्त वेळा कोणाचं ना कोणाचं हेल्मेट निघत होतं. मग 2012 पासून नियम आणला की खेळताना हेल्मेट निघालं तर तो खेळाडू पुढच्या एका डावासाठी बाहेर. समोरच्यानं फाऊल करून, जाळी ओढून काढलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा याला शिक्षा नाही. पण आपोआप निघालं म्हणजे नीट बांधलं नव्हतं असं धरतात आणि बसवतात, मग तू कितीही मोठा स्टार अस. आणि हेल्मेट निघाल्यावरही जो पठ्ठ्या लांब कुठं जाऊन खेळत राहतो त्याच्या टीमला 15 यार्डांचा दंड. टीमला तो खेळाडू मैदानावर पाहिजेच असेल तर आता स्वतःचा एक टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवायची मोजकी संधी, खर्च करून ठेवता येतो, म्हणजे ढिल्या पट्ट्याची किंमत लगेच, तिथल्या तिथं मोजायची.

यात खरी गंमत अशी आहे की नियम डोक्याला काय झालं हे बघतच नाही, पट्टा बघतो. पहिल्या धडकेत हेल्मेट निघतं, डोकं जमिनीवर किंवा दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटतं ते त्यानंतर, आणि तेव्हा डोक्यावर काहीच नसतं. त्यांच्याकडे हनुवटीचा पट्टा चार ठिकाणी अडकवायचा असतो तरी पोरं आरामासाठी ढिला ठेवत होती. नुसतं समजावून हे सुटलं नसतं, एक डाव बाहेर बसायची पाळी आली की कोच स्वतःच पट्टे ओढून बघायला लागतो.

मुद्दाम हेल्मेट काढलं तर वेगळा दंड आहे, त्याचा किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. एनएफएलच्या 2002 च्या सीझनमधली दोन्ही टीमची पहिलीच मॅच, क्लीव्हलँड ब्राउन्स 39, कॅन्सस सिटी चीफ्स 37, शेवटचा डाव. ब्राउन्सच्या ड्वेन रड नावाच्या खेळाडूला वाटलं आपण क्वार्टरबॅकला, म्हणजे समोरच्यांच्या बॉल फेकणाऱ्या मुख्य गड्याला, पाडलं, मॅच संपली, त्यानं आनंदानं हेल्मेट काढून फेकलं. पण क्वार्टरबॅकनं पडता पडता बॉल दुसऱ्याकडे दिला होता आणि तो दुसरा पळत सुटला होता. रडवर पेनल्टी, वेळ संपलेली असूनही चीफ्सना आणखी एक डाव मिळाला, 30 यार्डांवरून किक खांबांच्या आत, तीन पॉइंट, मॅच 40-39 नं चीफ्सची. हेल्मेटपायी जिंकलेली मॅच घालवणारे बहुतेक एवढेच.

आपल्या क्रिकेटमध्ये हेल्मेटचे नियम नाहीत असं नाही, पण बघा ते कशाबद्दल आहेत. कीपरच्या मागं ठेवलेल्या हेल्मेटला बॉल लागला तर 5 रन. बॅट्समनचं हेल्मेट स्टंपवर पडून बेल उडाली तर हिट विकेट, 2007 मध्ये मँचेस्टरला ब्राव्होचा बाउन्सर लागून केविन पीटरसन असाच गेला. दिल्लीत 6 नोव्हेंबर 2023 ला अँजेलो मॅथ्यूजच्या हेल्मेटचा पट्टा तुटला, दुसरं मागवेपर्यंत दोन मिनिटं उलटली आणि बांगलादेशनं अपील करून त्याला टाइम्ड आउट केलं, इंटरनॅशनल क्रिकेटमध्ये पहिल्यांदाच. म्हणजे पट्टा नीट करत बसला तो आउट, आणि ढिला पट्टा घेऊन तसाच उभा राहिला असता तर त्याला आउट द्यायचा नियम नाही. मला हे उलटं वाटतं.

आता आपल्या नागपूरचं. जामठ्याच्या स्टेडियमवर मोठे खेळतात त्यांची काळजी करायला माणसं आहेत. मी बोलतो उन्हाळ्याच्या सुट्टीत लेदर बॉलच्या अंडर-12, अंडर-14 स्पर्धा होतात त्यांच्याबद्दल. कधी सकाळी लवकर कुठल्याही ग्राऊंडवर जाऊन उभे राहा. एक किट बॅग, त्यात दोन हेल्मेट, तीच अख्ख्या टीमला आळीपाळीनं. मोठ्या पोराच्या मापाचं हेल्मेट चौथीतल्या लेकराच्या डोक्यावर, पळायला लागला की जाळी नाकावर येते, मग तो एका हातानं बॅट आणि एका हातानं हेल्मेट धरून दुसरा रन काढतो, निम्म्या पिचवर ते पडतं आणि बाहेरून सगळे ओरडतात, पळ बे पळ, सोड त्याले. थ्रो तिकडून येत असतो! अंपायर काही म्हणत नाही कारण त्याच्याकडे म्हणायला नियमच नाही.

टू-व्हीलरवर तरी आपण काय वेगळं करतो. मे महिन्यात डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, त्यावर हेल्मेट नुसतं टेकवायचं, खाली पट्टा लागतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये स्पष्ट लिहिलंय की हेल्मेट पट्ट्यानं डोक्याला पक्कं बांधलेलं पाहिजे, आणि ते मोडलं तर त्याच कायद्याच्या कलम 194D प्रमाणे 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद. पण लोक चौक आला की चढवतात, चौक गेला की आरशावर लटकवतात, कारण चलान मोबाईलवर केव्हातरी नंतर येतं आणि तोवर माणूस विसरून गेलेला असतो. गाडी तिथंच पाच मिनिटं बाजूला उभी करायला लावा, बघा मग पट्टे लागतात की नाही. पोलिसांना हे रोज जमेल असं नाही, मान्य आहे. ग्राऊंडवर मात्र जमू शकतं, तिथं अंपायर आहे आणि बावीसच पोरं आहेत.

माझं म्हणणं सोपं आहे. पोरांच्या लेदर बॉलच्या मॅचमध्ये बॅट्समनचं हेल्मेट पडलं की तेव्हापर्यंत पूर्ण झालेले रन धरा आणि बॉल डेड करा. बॉल लागून पडलं असेल तर आधी पोराला तपासा, शिक्षा सोडा. पण ढिलं होतं म्हणून पडलं तर तो एक ओव्हर बाहेर, त्याच्या जागी पुढचा बॅट्समन, ओव्हर झाली की विकेट पडल्यावर हा परत येईल. एका कोचला हे बोललो तर तो म्हणाला यानं मॅचचा बोजवारा उडेल. पहिल्या दोन मॅचमध्ये उडेलही, पण तिसऱ्या मॅचला त्याच कोचच्या बॅगेत लहान मापाचं एक हेल्मेट जास्तीचं असेल, कारण ओपनर एक ओव्हर बाहेर बसवणं कोणालाच परवडत नाही. आईबाप हजारोंच्या बॅटा घेऊन देतातच, त्यात हेल्मेट पोराच्या डोक्याच्या मापाचं घ्यायला काय हरकत आहे कळत नाही.

तुमचं क्रीडा पान आयोजक मंडळी वाचतात हे मला माहीत आहे म्हणून हे पत्र. स्पर्धांचे फॉर्म छापायला जातात तेव्हा नियमांत "हेल्मेटचा पट्टा लावलेला नसेल तर बॉल टाकला जाणार नाही" एवढी एक ओळ तरी टाका, एका ओव्हरचं पुढच्या वर्षी बघू.

आपला,
एक जुना वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर