आप्पा, लावे त्या शेडमध्ये नकोत

हाँगकाँग, रविवार

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

कोंबड्यांच्याच शेडमध्ये मधे जाळी मारून तुम्ही लावे ठेवणार, पुढे बदकंही आणणार, असं बंडू म्हणाला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते आहे.

२००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात सापडला. शेडमागचा तो खड्डा, वर पसरलेली चुन्याची पांढरी भुकटी, मला अजून दिसते.

इथे हाँगकाँगात हे १९९७ मध्ये झालं. १८ माणसांना लागण झाली, ६ दगावली, वर्षअखेरीस पंधरा लाखांच्या आसपास पक्षी मारावे लागले. बर्ड फ्लूच्या त्या एच५एन१ विषाणूची आतली जनुकं नंतर लाव्यांमधल्या एच९एन२ या बर्ड फ्लूच्याच दुसऱ्या विषाणूशी जुळली. आप्पा, लाव्यांमधल्या!

या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. दोन वऱ्हाडं एकाच एसटीत बसली, प्रत्येकाची आठ गाठोडी, आणि उतरताना याचं त्याने उचललं, तसंच एका पेशीत दोन विषाणू शिरले की होतं. बाहेर पडतो तो तिसराच. चीनमध्ये २०१३ साली आलेल्या एच७एन९ या अशाच तिसऱ्या विषाणूची आठातली सहा गाठोडी एच९एन२ ची होती. त्याने पंधराशेवर माणसं आजारी पडली, सहाशेवर गेली. कोंबड्या मात्र ठणठणीत दिसायच्या, दाणे टिपायच्या. मला भीती वाटते ती याचीच. असं एखादं मिश्रण माणसाकडून माणसाला सहज जाऊ लागलं, तर त्याला तोंड देण्याची ताकद जवळजवळ कुणाच्याच अंगात नाही.

एच९एन२ आपल्याकडेही आहे. २०१९ मध्ये मेळघाटातल्या एका लहान मुलाला तो झाला होता.

इथल्या बाजारात रात्री आठनंतर एकही जिवंत कोंबडी ठेवू देत नाहीत. उरलेल्या कापायच्या, पिंजरे धुऊन काढायचे. बदकं १९९८ पासून आणि लावे २००२ पासून कोंबड्यांच्या बाजारातून बाहेर काढले.

लाव्यांसाठी आगाऊ पैसे दिले असतील तर ते मी भरते. अंडी एकदम कमी झाली किंवा मरतूक वाढली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. आईलाही उचलू देऊ नका, ती ऐकत नाही.

उत्तर बंडूकडून नको, तुमच्या हातचं पाठवा.

तुमची,
सुमन