बचावातून चढाई शिकवल्याबद्दल: कोरियाचे बॅडमिंटनपटू ली योंग-डे यांना खुलं आभार पत्र

आदरणीय ली योंग-डे,

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात मुलांना बॅडमिंटनची दुहेरी शिकवणारे आम्ही काही प्रशिक्षक हे पत्र लिहीत आहोत. तुम्ही आम्हाला ओळखत नाही, पण तुमच्या सामन्यांची चित्रफीत थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून आम्ही जे शिकवतो त्यातलं बरंचसं तुमचं आहे. ते तुमच्या कानावर घालून रीतसर आभार मानावेत, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपल्याकडे बराच काळ दुहेरीचा सराव म्हणजे स्मॅशचा सराव असायचा. दोन उंच, दणकट मुलं घ्यायची, एकाने मागून ठोकायचं, दुसऱ्याने नेटवर संपवायचं. समोरची जोडी ठोकायला लागली की आपली जोडी शटल उंच उचलत राहायची आणि समोरच्याची चूक व्हायची वाट बघायची. ही वाट बघणंच मुळात घातक आहे, हे तुमच्या खेळाने दाखवलं. तुमच्यावर स्मॅश येतो तेव्हा त्याच फटक्यात तुम्ही चढाई काढून घेता. दुसऱ्या फटक्याला तुम्ही दोन पावलं पुढे असता आणि तिसऱ्याला समोरची जोडी शटल उचलत असते. आम्ही तुमच्याकडून घेतलं ते मुख्यतः हेच, आणि ते कसं घेतलं हे जरा तपशिलात सांगावंसं वाटतं.

सुरुवात उभं राहण्यापासून. सर्व्हिसच्या आखूड रेषेपासून साधारण दीड ते दोन मीटर मागे, पाय खांद्यांहून रुंद, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. मुलं इथवर बरोबर करतात. गडबड होते ती कोपराची. कोपर बरगडीला चिकटलं की रॅकेट फिरायला जागाच उरत नाही, आणि उजव्या हाताच्या खेळाडूच्या उजव्या कुशीवर आलेला स्मॅश अंगातच अडकतो. तुमचं कोपर पोटाच्या पुढे, वीतभर अंतरावर असतं, आणि रॅकेटचं डोकं मनगटाच्या वर. त्यामुळे पोट, छाती आणि उजवी कूस हा सगळा पट्टा तुम्ही बॅकहँडने झाकता. ग्रिप सैल, अंगठा रुंद बाजूवर थोडा कडेला सरकलेला, आणि शटल तारांना लागण्याच्या क्षणीच बोटांची पकड आवळलेली. हात मागे नेणं जवळपास नाहीच. चित्रफीत सावकाश लावली की मुलांना हे दिसतं: तुमची रॅकेट मागे जाते ती जेमतेमच, आणि फटका शरीराच्या पुढेच होतो.

मग दोघांनी मिळून सरकण्याचा भाग. समोरचा खेळाडू आपल्या डाव्या कोपऱ्यातून स्मॅश मारणार असेल, तर त्याच्या सरळ समोर असलेल्याने कडेची रेष सांभाळायची. तिरकस समोर असलेल्याने मध्याकडे सरकायचं आणि अर्धं पाऊल पुढे यायचं. तिरकस स्मॅशला जास्त अंतर कापावं लागतं, तो येईपर्यंत मंदावतो, म्हणून पुढे उभं राहणं परवडतं. मधला स्मॅश तिरकस बाजूच्याचा, हे सामन्याआधीच ठरलेलं असावं. आपल्या जोड्यांचे कितीतरी गुण मधोमध पडलेल्या शटलवर जातात, कारण दोघंही एकमेकांकडे बघत राहतात.

तुमचा सपाट फटका, म्हणजे ड्राइव्ह, सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातली खरी गोष्ट फटक्यानंतरच्या पावलात आहे. स्मॅश सपाट परतवून तुम्ही त्याच रेषेत पुढे घुसता, म्हणजे समोरच्या मागच्या खेळाडूने शटल उचलायच्या आत तुम्ही मध्यकोर्टावर असता आणि तुमचा जोडीदार आपसूक मागे गेलेला असतो. शेजारी-शेजारी उभी असलेली बचावाची जोडी एका फटक्यात मागे-पुढे अशी चढाईची होते. मुलांनी याची नक्कल सुरू केली तेव्हा पहिले काही आठवडे मार खाल्ला. कारण शोधलं तर असं निघालं, की ती प्रत्येक ड्राइव्हनंतर पुढे पळत होती. नेटच्या पट्टीवरून वर चढणारा ड्राइव्ह मारून पुढे गेलात की पुढचा फटका थेट छातीवर. म्हणून आम्ही नियम केला: शटल नेट ओलांडून खाली जात असेल तरच पुढे जायचं. आणि फटका तिरकस मारला असेल तर पुढे जायचं नाही, कारण तुमची सरळ बाजू उघडी पडते. सरळ ड्राइव्ह, तोही समोरच्या पुढच्या खेळाडूच्या आणि मागच्याच्या मधल्या कडेच्या पट्टीत, हीच पुढे घुसण्याची वेळ.

यासाठीचा सराव आम्ही असा बसवला आहे. फीडर, म्हणजे शटल टाकून देणारा, समोरच्या अर्ध्या कोर्टावर स्टुलावर उभा राहतो, म्हणजे शटल वरून खाली येतं. वीस शटल एका फेरीत, अशा सहा फेऱ्या, मध्ये पाऊण मिनिट विश्रांती. पहिल्या दोन फेऱ्यांत फक्त ब्लॉक, म्हणजे आलेलं शटल हळूच नेटजवळ पाडणं, पुढच्या दोनमध्ये सरळ सपाट फटका, शेवटच्या दोनमध्ये सपाट फटका आणि पाऊल पुढे. फीडरने दोन शटलमध्ये सुमारे दीड सेकंद द्यावं. घाई केली तर मुलगा रॅकेट वर आणायचं सोडून देतो आणि खाली लोंबलेल्या रॅकेटने बचाव करायची सवय लागते. ती मोडायला मग महिने जातात. आणखी एक गोष्ट तारांची. पंधरा-सोळा वर्षांची मुलं मोठ्या खेळाडूंचं बघून २८-३० पौंडांवर तार ओढून घेतात. एवढ्या ताणाला रॅकेटचा गोड भाग, म्हणजे फटका नीट बसतो तो तारांचा मधला भाग, लहान होतो आणि बचावात जरा कडेला लागलेलं शटल नेटमध्येच मरतं. २२ ते २४ पौंड त्यांना पुरे आहे.

तुमच्या जोडीदारांबद्दल थोडं. तुम्ही एकाच खेळाडूबरोबर एकाच पद्धतीने खेळून जिंकला असता तर ते त्या जोडीचं यश ठरलं असतं. तसं झालं नाही. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला तुम्ही आणि जुंग जे-सुंग पुरुष दुहेरीत पहिल्याच सामन्यात डेन्मार्कच्या जोडीकडून हरलात. त्याच स्पर्धेत १९ वर्षांचे तुम्ही ली ह्यो-जुंग यांच्यासोबत मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात नोव्हा विदियांतो आणि लिलियाना नात्सिर यांना २१-११, २१-१७ असं हरवून सुवर्ण घेतलं. ली ह्यो-जुंग यांची उंची १८१ सेंटिमीटर. बाई नेटवर आणि पुरुष मागे, या ठरलेल्या मांडणीला न चिकटता गरज पडली की त्या मागून स्मॅश करायच्या आणि तुम्ही पुढे यायचात. मुलींना नेटजवळच डांबून ठेवणाऱ्या प्रशिक्षकांना आम्ही हा सामना आवर्जून दाखवतो.

जुंग जे-सुंग बुटके, पण उडी मारून केलेला त्यांचा स्मॅश जबरदस्त. त्यांच्यासाठी शटल तयार करून देणं हे तुमचं काम होतं. २०१२ ची ऑल इंग्लंड स्पर्धा तुम्ही काय युन आणि फू हायफेंग यांना पहिला गेम २१-२३ असा गमावून मग २१-९, २१-१४ असं हरवून जिंकलीत. याच चिनी जोडीने २००९ मध्ये आपल्याकडे, हैदराबादच्या जागतिक स्पर्धेत, अंतिम सामन्यात तुम्हाला तिसऱ्या गेममध्ये २८-२६ असं हरवलं होतं. त्या तिसऱ्या गेममधल्या वीसनंतरच्या रॅली आम्ही सर्व्हिस आणि सर्व्हिस परतवण्याच्या धड्यासाठी वापरतो. वीस-वीसनंतर मुलं सर्व्हिसवर जोखीम घ्यायला घाबरतात आणि सर्व्हिस तरंगते. तशी सर्व्हिस दिसली की चांगला रिसीव्हर आखूड रेषेजवळून एक पाऊल पुढे टाकून ती अर्ध्या कोर्टाच्या कडेला ढकलतो आणि चढाई हातची जाते. जुंग २०१८ मध्ये ऐन तारुण्यात गेले. त्यांच्या नावाचा उल्लेख या पत्रात आदराने करायलाच हवा.

यू योन-सोंग यांच्याबरोबरची तुमची जोडी आम्हाला शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी. दोघंही उजव्या हाताचे, दोघंही मागून मारू शकणारे, दोघंही नेटवर खेळू शकणारे. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये एकत्र येऊन लगेच डेन्मार्क ओपन, २०१४ च्या जूनमध्ये जपान, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया लागोपाठ. २०१५ च्या जपान ओपनच्या अंतिम सामन्यात फू हायफेंग आणि झांग नान यांच्याविरुद्ध दुसरा गेम २९-२७ असा संपला. गेमची तीस गुणांची कमाल मर्यादा जवळ येत असताना तुमच्या दोघांच्या जागा कशा बदलत होत्या, हे बघण्यासारखं आहे: एकही रॅली अशी नाही की दोघं एकाच रेषेत अडकले.

२०१४ चं प्रकरणही आम्ही खेळाडूंना सांगतो. उत्तेजक चाचणीसाठी ठावठिकाणा कळवण्याच्या नियमात चूक झाली म्हणून जानेवारीत तुमच्यावर आणि किम गी-जुंग यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. दोष कोरियाच्या बॅडमिंटन संघटनेच्या कामकाजात होता हे स्पष्ट झाल्यावर एप्रिलमध्ये ती उठली. राष्ट्रीय चाचणी यादीत जाणाऱ्या मुलांना आम्ही म्हणून बजावतो, की दर तिमाहीचा पत्ता, रोजचा एक तास आणि प्रवास बदलला तर त्याची नोंद हे काम स्वतः करायचं. व्यवस्थापकावर सोडायचं नाही. बारा महिन्यांत तीन चुका म्हणजे नियमभंग, आणि त्यात औषध घेतलं की नाही हा प्रश्नच येत नाही. उत्तेजक घेतलेलं नसताना वर्ष जाऊ शकतं, हे तुमच्या उदाहरणाने मुलांना पटतं.

जागतिक स्पर्धेचं सुवर्ण तुम्हाला मिळालं नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुष दुहेरीच्या उपांत्य सामन्यात डेन्मार्कच्या माथियस बो आणि कार्स्टन मोगेन्सन यांनी तुम्हाला तिसऱ्या गेममध्ये २२-२० असं हरवलं, मग तुम्ही कांस्य घेतलंत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीतच गोह व्ही शेम आणि तान वी किओंग यांच्याकडून हार झाली. तरी त्याच वर्षी कोरिया ओपन जिंकून तुम्ही राष्ट्रीय संघाचा निरोप घेतलात. पुढे २०२० च्या जानेवारीत, एकतिशी ओलांडल्यावर, किम गी-जुंग यांच्यासोबत मलेशिया मास्टर्स जिंकलीत. पायांचा वेग कमी झाला तरी जागा ओळखणारं डोकं आणि लहान फटका टिकतो, हे तिशीतल्या आमच्या खेळाडूंना सांगायला याहून चांगला सामना नाही.

त्या बो यांनी पुढे आमच्या मुंबईच्या चिराग शेट्टीला आणि सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीला प्रशिक्षण दिलं. तुमच्याविरुद्ध वर्षानुवर्षं खेळलेला माणूस आमच्या मुलांच्या बाजूला बसला, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत चिराग-सात्त्विकने चोई सोल-ग्यू आणि किम वोन-हो या कोरियन जोडीला २१-१८, २१-१६ असं हरवून भारताला या स्पर्धेतलं बॅडमिंटनचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. हे तुम्हाला सांगताना आम्हाला अभिमान वाटतो, आणि तुम्हीही तो मनापासून ऐकाल याची खात्री आहे. तोच किम वोन-हो आता सो सुंग-जे यांच्यासोबत २०२५ चा जगज्जेता आहे, म्हणजे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या पार्क जू-बाँग आणि किम मून-सू यांच्यापासूनची तुमच्या देशाची परंपरा जोमात आहे.

प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये तुम्ही मुंबई रॉकेट्सच्या जर्सीत खेळलात, त्याबद्दल वेगळे आभार. दूरचित्रवाणीवर शटल नेहमी वेगाने जाताना दिसतं. तुमचा ब्लॉक किती हळू आणि किती नेटजवळ पडतो हे मात्र गॅलरीतून प्रत्यक्ष पाहिल्यावरच मुलांना समजलं.

एक विनंती आहे. डावखुऱ्या जोडीदाराबरोबर उजव्या हाताच्या खेळाडूने बचावात मध्यभाग कसा वाटून घ्यावा, हे तुमच्याकडून नीट ऐकायला मिळालं तर फार उपयोग होईल. दोघांचेही बॅकहँड आत आले की मधला स्मॅश कोणी घ्यायचा, यावर आमच्यात अजून एकमत नाही. दोन जोड्यांना आम्ही दोन वेगळ्या पद्धती शिकवत आहोत, आणि दोन्हींत मधोमध पडणारे गुण अजून जातातच.

आपले कृतज्ञ,
महाराष्ट्रात दुहेरी शिकवणारे काही प्रशिक्षक