आई-बाबा, पुढच्या सप्टेंबरात कल्पापर्यंत चला

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

(बाबा, नियमाप्रमाणे एवढंच, पुढचं सगळं बोलल्यासारखं लिहिणारे.)

हिमाचलमधलं किन्नौर आणि स्पिती करून मनालीला पोचले. गाडी धड, मी पण धड. काल फोनवर आईचं "जेवलीस का" आणि मागून बाबांचं "रस्त्याचं विचार, रस्त्याचं" यात कुणालाच काही नीट सांगता आलं नाही, म्हणून आज हॉटेलात पाय पसरून टाईप करत बसलेय. अक्षर मोठं करून वाचा, चष्मा शोधू नका.

आधी रस्ता, नाहीतर बाबा खालचं काही वाचणारच नाहीत. चंदीगडहून शिमला, नारकंडा, रामपूर, तिथपर्यंत ट्रॅफिक आणि सफरचंदाचे ट्रक, सांगण्यासारखं काही नाही. खरा घाट पुढे किन्नौरमध्ये. तरांड्याला उभा कडा कोरून रस्ता काढलाय, डोक्यावर खडक, खाली खोल सतलज, आणि समोरून हिमाचलची एसटी आली की एकाने मागं जायचं. तिथं देवीचं देऊळ आहे, ट्रकवाले बसवाले सगळे थांबून हात जोडून पुढे जातात, मी पण थांबले. ते बसचे ड्रायव्हर बघून मला सारखं वाटत होतं की यातल्या कुणाला तरी उतरवून सांगावं, आमच्या बाबांनी कुंभार्ली घाटात भर पावसात चिपळूण गाडी चालवलीय, तुम्ही एकटे नाही. आणि हो, तुमचं ते "ज्या गिअरला चढवली त्याच गिअरला उतरवायची, ब्रेक फक्त थांबायला" हे सगळ्या प्रवासात पाळलं. काझाच्या, म्हणजे स्पितीतल्या मोठ्या गावाच्या, पुढे एक पोरगं ब्रेक गरम करून रस्त्याकडेला बसलेलं, त्याला पण हेच ऐकवून आले.

खाबला सतलज आणि स्पिती नदीचा संगम आहे. पुलावर गाडी लावून बराच वेळ बघत बसले. आपल्या प्रीतिसंगमात कृष्णा-कोयना कशा समोरासमोर येऊन भेटतात, शेजारी वाळवंट, घाट, माणसं, पोरंबाळं. इथं चिटपाखरू नाही, दोन्ही बाजूंना नुसता खडक आणि नद्यांचा आवाज. इथून सतलज सोडायची आणि स्पितीच्या काठाने वर जायचं. हिरवं असं हळूहळू संपतच जातं, कारण पावसाचे ढग अलीकडच्या डोंगरांनाच अडतात, म्हणजे माण-खटावचंच दुखणं, फक्त इथं हिवाळ्यात बर्फ पडतो त्यावर शेती चालते.

आई, स्पितीतल्या ताबोचा बौद्ध मठ तुला बघायला आवडला असता. इसवी सन ९९६ चा आहे, आणि बाहेरून बघितलंस तर म्हणशील हे काय, मातीच्या भिंती, वाड्याच्या परसातल्या असतात तशा. आत गेलं की अंधारात हळूहळू भिंतीवरची चित्रं दिसायला लागतात, मूर्ती दिसायला लागतात. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, नाहीतर मी मोबाईलमध्येच बघत बसले असते. १९७५ ला इथं मोठा भूकंप झाला, मठाचं नुकसान झालं पण पडला नाही. तू १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात अंगणात झोपलेल्या रात्री सांगतेस ना, ते तिथं फार आठवलं.

आता तुझा प्रश्न, एकटीच का. मैत्रिणी नव्हत्या असं नाही. पण चौघी असलो की गाडीत गाणी, गप्पा, कुठं थांबायचं यावर चर्चा, आणि डोंगर नुसता खिडकीतून निघून जातो. एकटी असले की मला वाटेल तिथं थांबता येतं. शिवाय फार वेळ एकटी नव्हतेच. रिकाँगपिओच्या पुढे हिरव्या टोपीतल्या एका आजीबाईंनी हात केला, बसवलं त्यांना. (ओरडू नकोस. तिकडे सगळेच सगळ्यांना बसवतात, बसच दिवसाला एखाददुसरी असते.) माझी हिंदी त्यांना अर्धी कळत होती, त्यांची मला पाव. लग्न झालंय का एवढं मात्र दोघींना स्पष्ट कळलं. उतरताना ओंजळभर चिलगोजे (तिकडच्या पाईनच्या बिया) दिले, ते खाल्ले नाहीत, तुझ्यासाठी ठेवलेत.

काझाला टाकी फुल्ल करून पहाटे निघाले. कुंझुम खिंड ४,५५१ मीटर, तिथं हवा विरळ असल्यामुळे आपली अल्टो पण धापा टाकते, फर्स्टला रडतरडत चढली. वर कुंझुम देवीचं देऊळ आहे, त्याला गाडीसकट प्रदक्षिणा घालतात, घातली. पुढे ग्रांफूपर्यंत रस्ता असा नाहीच, दगडगोटे आणि मधूनमधून रस्त्यावरून वाहणारे नाले. ते बर्फ वितळून येतात, म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढं आणि दुपारी ऊन झालं की गुडघ्याच्या वर. पहाटे निघायचं कारण हेच, बाबा, उगाच नाही. मग अटल टनेल, ९.०२ किलोमीटर, सरळ, लाईट, गुळगुळीत. बाहेर आले तर सगळं हिरवंगार आणि फोनवर तुमचे मिस्ड कॉल.

आता मुद्द्याचं. काझाची उंची तुम्हाला झेपणार नाही, आईचं बीपी बघता मी नेणारच नाही. पण किन्नौरमधलं कल्पा तीन हजार मीटरच्या आतच आहे. सकाळी खोलीच्या खिडकीतून समोर किन्नर कैलासचा डोंगर. स्वतंत्र भारताचं पहिलं मत ज्यांनी दिलं ते शामसरण नेगी याच गावचे, बर्फ पडायच्या आत म्हणून इकडे १९५१ च्या ऑक्टोबरातच मतदान घेतलेलं. सप्टेंबरात झाडं सफरचंदांनी वाकलेली असतात आणि पाऊस सरत आलेला असतो. पुण्याहून चंदीगडला विमानाने या, पुढे मी नेते, नारकंड्याला एक मुक्काम करून सावकाश जाऊ. आईने डॉक्टरांना विचारून ठेवायचं, गुडघ्याचा पट्टा घ्यायचा, आणि मेथीचे लाडू विमानात चालतात, ते पण घ्यायचे.

बाबा, तुम्ही पुढच्या सीटवर. स्टेअरिंग मागायचं नाही. नारकंड्याच्या अलीकडे एक सरळ मोकळा पट्टा आहे, तिथं बघू.

तुमची,
धाकटी