हार्लेमची फीत कुठे गेली, जनरलसाहेब?

श्री. थॅडियस रॉस,
माजी परराष्ट्रमंत्री व माजी राष्ट्राध्यक्ष, अमेरिका
मुक्काम राफ्ट तुरुंग, भर समुद्रात

स. न. वि. वि.

तुम्ही मार्व्हलच्या सिनेमातले, मी प्रेक्षक. पण २००८ च्या 'द इन्क्रेडिबल हल्क'पासून तुमची बढती पाहत आलोय. जनरल, मग परराष्ट्रमंत्री, मग थेट राष्ट्राध्यक्ष! मार्व्हलच्या दुनियेत थानोससारखे खलनायक येतात आणि चुटकी वाजवून जातात. तुम्ही मात्र फायली घेऊन येता, म्हणून खुलासा तुमच्याकडेच मागतोय.

२०१६ साली तुम्ही ॲव्हेंजर्स या महानायकांच्या चमूला समोर बसवून त्यांच्या लढायांतल्या नासधुशीची एकेक फीत दाखवलीत. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, सोकोव्हिया, लागोस. लागोसची दृश्यं त्यांच्यातल्या वांडाला बघवेनात, तेव्हा शेवटी त्यांचा म्होरक्या कॅप्टन रॉजर्सनेच 'पुरे' म्हटलं. मग टेबलावर आला सोकोव्हिया करार, ॲव्हेंजर्सना संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली आणणारा, ११७ देशांनी मान्य केलेला. करार चूक होता असं मी म्हणत नाही. कुणीही उठावं, दुसऱ्याच्या देशात घुसावं, शहराची धूळधाण करावी आणि निवांत घरी परतावं, हे मलाही पटत नव्हतं. ॲव्हेंजर्सपैकी टोनी स्टार्कने सही का केली ते कळतं. माझा प्रश्न तुमच्या फितींचा आहे. त्यात न्यूयॉर्कचीच हार्लेम वस्ती, तुमच्या माणसाने उद्ध्वस्त केलेली, का नव्हती?

सुपर-सोल्जर घडवायचा दुसऱ्या महायुद्धातला प्रयोग तुम्हीच पुन्हा उकरून काढलात. त्यातल्या ब्रूस बॅनर या शास्त्रज्ञाची समजूत अशी, की आपण किरणोत्सर्गापासून बचावाचं काम करतोय. खरं काय ते त्याला कधी सांगणारच नव्हतो, हे तुम्ही तुमच्या हाताखालच्या ब्लॉन्स्की या सैनिकाजवळ बोलून गेलात. बॅनरचा हल्क नावाचा हिरवा राक्षस झाला, तो पळाला, तर त्याचं अख्खं शरीर लष्कराची मालमत्ता ठरवून रिओच्या झोपडपट्टीपर्यंत माणसं धाडलीत. कल्व्हर विद्यापीठाच्या हिरवळीवर तर पोटची मुलगी बेटी समोर असताना हेलिकॉप्टरमधून गोळ्या सुटल्या, आणि तिला वाचवलं कुणी? हल्कने! पुढे तोच सुपर-सोल्जरचा डोस तुम्ही ब्लॉन्स्कीला टोचायला लावलात. बॅनरचं रक्त त्याने नंतर स्टर्न्स या शास्त्रज्ञाला धमकावून टोचून घेतलं, अबॉमिनेशन नावाचा राक्षस झाला आणि हार्लेमची वाट लावली. ते तुम्ही दिलं नव्हतं, मान्य. पण चटक कुणी लावली?

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

त्याच बैठकीत तुम्ही म्हणालात, की चाळीस वर्षांच्या लष्करी नोकरीने जो दृष्टिकोन दिला नाही तो बायपासने दिला. मग करार न मानणाऱ्या वांडाला राफ्टमध्ये गळ्यात पट्टा घालून, हात आवळून बसवलंत, ते कोणत्या दृष्टिकोनातून?

तुमची भूमिका करणारे विल्यम हर्ट २०२२ साली गेले. २०२५ मध्ये हॅरिसन फोर्डच्या रूपात तुम्ही परतलात, ते मिशा काढून (निवडणुकीसाठी म्हणे). भाषा मवाळ झाली होती. हिंदी महासागरात गोठून पडलेल्या परग्रहीय जिवाच्या अवाढव्य दगडी देहात सापडलेलं ॲडमँटियम (एक अतिकठीण धातू) सगळ्यांनी वाटून घ्यावं, असा करार घेऊन भारत, जपान, फ्रान्सकडे गेलात. आणि त्याच वेळी एका छुप्या तळावर तोच स्टर्न्स सडत होता. गॅमा किरणांमुळे त्याचं डोकं अफाट चालतं म्हणून त्याला कोंडलंत, त्याच्या अकलेवर सत्तेत आलात, माफीचा शब्द दिलात आणि फिरवलात. त्याने मग तुमच्या हृदयाच्या गोळ्यांतून गॅमा भरवला. भर पत्रकार परिषदेत तुम्ही लाल हल्क झालात, ते त्या हिशेबाचं व्याज होतं.

खुर्ची सोडून तुम्ही तुरुंगात गेलात, याला दाद देतो. आमच्याकडे असे राजीनामे तब्येतीच्या कारणावरून देतात, आणि तेही दिले तर. पण ही शिक्षा लाल हल्क होऊन केलेल्या वॉशिंग्टनमधल्या पडझडीची झाली. जुनी बाकी तशीच आहे.

तेव्हा तीन गोष्टी जाहीर करा: हार्लेमच्या रात्रीचं चित्रण, बॅनरला काय सांगून प्रयोगात घेतलं त्याची कागदपत्रं, आणि स्टर्न्सला कोणत्या कायद्याखाली डांबलं तो आदेश. बेटी पुन्हा भेटायला आली की तिच्या हाती दिलंत तरी चालेल. ती स्वतः शास्त्रज्ञ आहे, आणि कल्व्हरच्या हिरवळीवर ती हजर होती.

आपला,
एक जुना प्रेक्षक