डे स्कूलचे दावे: त्रुटी नेमकी कोणाची?

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅनडातील मूलनिवासी मुलांच्या शाळांवर लेख आला. विनिपेगला आल्यापासून आपला ई-पेपर मी चुकवत नाही, म्हणून लगेच वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे. पण ‘सरकारने माफी मागितली, भरपाई दिली’ असे म्हणून लेखकाने विषय जिथे मिटवला, तिथून पुढेच माझे काम सुरू होते. भरपाई जाहीर झाली तरी ती हातात पडायला आधी अर्ज भरावा लागतो. नाशिकला मी वकिलांकडे कारकुनी करत होते. इथे एका वस्तीतल्या मदत केंद्रात लोकांचे असलेच अर्ज भरून देते. ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत आलेले अर्ज बहुतेक माझ्याच टेबलावर येतात.

लेखात फक्त निवासी शाळा, म्हणजे मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवले जाई त्या, आल्या आहेत. २००६ चा भरपाईचा करार त्या शाळांपुरता होता. जिथून मुले संध्याकाळी घरी जात, त्या ‘डे स्कूल’ त्यातून वगळल्या गेल्या. वास्तविक पैसा त्याच केंद्र सरकारचा, बऱ्याच ठिकाणी शिकवायला त्याच चर्चची माणसे, आणि घरची भाषा तोंडातून निघाली की बसणारा मारही तोच. मॅनिटोबाचे गॅरी मॅक्लीन यांच्या नावाने २००९ मध्ये सामूहिक दावा दाखल झाला. सरकारशी झालेल्या तडजोडीला फेडरल (केंद्रीय) कोर्टाची मान्यता मिळाली १९ ऑगस्ट २०१९ रोजी. मॅक्लीन त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते.

या तडजोडीत अत्याचाराच्या पाच पातळ्या आहेत. पहिलीला १० हजार डॉलर, मग ५० हजार, एक लाख, दीड लाख आणि शेवटची दोन लाख. पहिल्या पातळीसाठी हकिगत लिहावी लागत नव्हती. खूण करायची, सही करायची. दुसरीपासून पुढे काय झाले, कोणी केले, किती वेळा, हे स्वतः लिहून द्यायचे. सुनावणी मात्र कुठल्याच पातळीला नव्हती. आधीच्या करारात गंभीर दाव्यांची सुनावणी व्हायची. साठी-सत्तरीच्या माणसांना परक्यांसमोर बसून ते सगळे बोलावे लागायचे आणि त्यात अनेकजण पुन्हा मोडून पडले. म्हणून या वेळी सगळे कागदावर ठेवले. हेतू चांगला होता, हे मी मानते. पण समोर माणूस असला की तो थांबून विचारतो, ‘आजी, हे कोणत्या वर्षीचे? तुम्ही तेव्हा कितवीत होता?’ कागद विचारत नाही. रकाना रिकामा राहिला की राहिला.

रिकामे राहतात ते रकाने तरी कोणते? क्री या मूलनिवासी समाजातले एक आजोबा परत आलेला अर्ज घेऊन आमच्याकडे आले होते. शाळेच्या नावापुढे त्यांनी एका पाद्र्याचे नाव लिहिले होते, कारण गावात त्या शाळेला सगळे तसेच म्हणत. कराराला जोडलेल्या यादीत जवळजवळ सातशे शाळा आहेत आणि त्यात त्या पाद्र्याचे नाव कुठेच नाही. वर्षांचा रकाना कोराच. मी विचारले, तर म्हणाले, ‘लहान होतो.’ मग वर्ष विचारणे मी सोडून दिले. ग्रँड रॅपिड्सच्या धरणासाठी माणसे हलवली, तेव्हा तुम्ही शाळेत जात होता का? हो, पण शेवटचा हिवाळा. धाकटी बहीण तेव्हा चालत होती का? नाही, पाठुंगळीला होती. बहिणीच्या जन्माचा दाखला तिच्या मुलीकडे निघाला. आपल्याकडे माणसे ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली’ असे सांगून वय काढतात, तसे आम्ही त्यांचे शाळेचे वर्ष काढले. शाळा यादीत गावाच्या जुन्या नावाखाली सापडली. शपथेवरच्या निवेदनावर साक्षीदाराची सही राहिली होती, ती त्यांच्या बॅन्ड कौन्सिलच्या, म्हणजे समाजाच्या कारभारी मंडळाच्या, सदस्याने केली. दुपार गेली, पण अर्ज पुरा झाला. त्या अर्जात असत्य काही नव्हते आणि आजोबा काही विसरलेही नव्हते. विचारण्याची रीत चुकली होती.

राहता राहिला कागदोपत्री पुरावा. तो का नसतो, हे इथल्या सत्यशोधन व समेट आयोगानेच २०१५ च्या अहवालात नोंदवून ठेवले आहे. १९३३ मध्ये सरकारने ठरवले, की शाळांची पटपत्रके पाच वर्षांनी आणि अपघातांचे अहवाल दहा वर्षांनी नष्ट करता येतील. त्यातून १५ टन कागद रद्दीत गेला. पुढे १९३६ ते १९४४ या काळात मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या दोन लाख फायली नाहीशा केल्या गेल्या. त्यानंतरच्या काळातही सगळे जपून ठेवले असे नाही. मी स्वतः मागवलेल्या नोंदींत अख्खी वर्षे गायब असतात. दप्तर सांभाळायचे होते सरकारने, आणि त्रुटी निघते ती सत्तर वर्षांच्या म्हातारीच्या अर्जात. मला हा प्रकार संतापजनक वाटतो आणि तसे म्हणायला मी कचरत नाही.

पत्त्याचेही तेच. उत्तरेकडच्या अनेक वस्त्यांना बारमाही रस्ता नाही. उन्हाळ्यात विमान आणि कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या तळ्यांवरून आखलेली वाट. घरोघर टपाल येत नाही, टपालपेटी एकाच्या नावावर आणि वापरणारी चार घरे. शहरात आलेली माणसे भाड्याच्या खोल्या बदलत राहतात. त्रुटीचे पत्र निघते, फिरत राहते, आणि मिळाले तेव्हा त्यातली मुदत सरत आलेली असते. वारसांची वाट याहून बिकट. ३१ जुलै २००७ रोजी किंवा त्यानंतर गेलेल्या माणसाच्या वतीने घरच्यांना दावा करता येत होता. पण मृत्युपत्र नसेल तर आधी मृताच्या मालमत्तेचा कारभारी म्हणून स्वतःची नेमणूक करून घ्यावी लागे. ती नेमणूक वेगळ्या खात्याकडे आणि तिचा अर्ज वेगळा.

हे सगळे तरी पूर्ततेने सुटण्यासारखे आहे. न सुटणारी गोष्ट वेगळीच आहे.

एका बाईंनी पहिल्या पातळीवर खूण करून अर्ज दिला होता. पैसे मिळाले. पुष्कळ महिन्यांनी त्या दुसऱ्याच कामासाठी केंद्रात आल्या आणि काम झाल्यावरही उठेनात. मग म्हणाल्या, तो अर्ज भरताना मुलगा शेजारी बसला होता, तोच वाचून दाखवत होता. पुढच्या पानांवर काय विचारले आहे ते त्याने वाचले आणि विचारले, ‘आई, यातले काही?’ त्या नाही म्हणाल्या. दुसरे काय म्हणणार? तो अर्ज कोणत्याही अर्थाने अपूर्ण नव्हता. सगळे रकाने भरलेले, सही जागेवर. आणि नेमकी तीच गोष्ट त्यात नव्हती.

एकदा दिलेल्या अर्जात नंतर भर घालून वरची पातळी मागता येईल का, हा प्रश्न कोर्टात गेला होता. फेडरल कोर्टाने नाही म्हटले, २०२४ मध्ये फेडरल अपील कोर्टानेही तेच कायम केले. करारात तशी तरतूद नाही, म्हणून. कराराचे शब्द वाचून दिलेला निकाल आहे, कायद्याने बरोबरही असेल. पण करार लिहिणाऱ्यांना हे आधी कळायला हवे होते, असे माझे मत आहे. अशा गोष्टी माणूस एका दमात सांगत नाही. आधी थोडे सांगून बघतो, ऐकणारा कसा घेतो ते पाहतो, मग पुढचे. त्यात अर्ज १३ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले आणि दोन महिन्यांत कोविड आला. बसून विचारणारी, लिहून घेणारी केंद्रे बंद. मुदत जुलै २०२२ पर्यंत होती, पुढे जानेवारी २०२३ पर्यंत वाढवून मिळाली. पण लॉकडाऊनमध्ये घरच्यांसमोर घाईने भरलेल्या अर्जांना त्या वाढीचा काय उपयोग?

न्यायाने सांगायचे तर चांगलेही आहे. वकिलांची फी सरकारने वेगळी दिली, भरपाईतून कापली नाही. पहिल्या पातळीचे पैसे पुष्कळांना विनासायास मिळाले. एका आजींनी त्यातून नातवाला आइस हॉकीचे सगळे सामान घेतले आणि पावती मला दाखवायला आणली.

माझे माहेर सुरगाण्याचे. आश्रमशाळेत राहून शिकलेल्या मैत्रिणी मला आहेत, त्यातल्या काही आज स्वतः शिक्षिका आहेत, तेव्हा दोन्हीकडच्या शाळा सारख्याच, असले मी काही म्हणणार नाही. पण अत्याचारपीडित महिला व मुलांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. उद्या संस्थांतल्या मुलांसाठी आणखी काही येईल, यावे. ते नियम लिहिणाऱ्यांनी भरपाईच्या आकड्याइतकाच वेळ त्रुटीपूर्ततेच्या कलमावर घालवावा. त्रुटीचे पत्र पाठवले की जबाबदारी संपली, असे नको. अर्जदाराच्या भाषेत, एकट्याला बसवून विचारणारा माणूस द्या. आणि नंतर आठवलेले, नंतर सांगावेसे वाटलेले जोडायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

इथल्या मराठी मंडळींना एक विनंती. मूलनिवासी मुलांना शिक्षणासाठी परक्या घरांत ठेवण्याच्या ‘बोर्डिंग होम’ कार्यक्रमाबद्दल दुसरी तडजोड झाली आहे. तिचे अर्ज २२ फेब्रुवारी २०२७ पर्यंत घेतले जातील. विनिपेग, सास्काटून, थंडर बे इथे आपली कितीतरी मुले-मुली नर्सिंगमध्ये, वृद्धांच्या देखभालीत आहेत. तुमच्या देखरेखीतल्या कोणा आजी-आजोबांनी पाकीट पुढे करून ‘हे काय आले आहे बघ’ म्हटले, तर ते बाजूला ठेवू नका. आधी तारीख बघा, काय मागितले आहे ते वाचून दाखवा आणि जवळच्या मदत केंद्राला फोन लावून द्या. वाचताना खोलीत नातेवाईक असतील, तर त्यांना चहा आणायला पाठवा.

(गावे आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)

आपली नम्र,
एक वाचक, विनिपेग, मॅनिटोबा