वजनाच्या रांगेतून मुलाला बाहेर घेणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

माझ्या मुलाला आपण बॉक्सिंगच्या वरच्या वजनगटात नेलेत, याचे आभार खरे तर समोर येऊन मानायला हवेत; पण मी तसा प्रयत्न केला की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ज्यांनी त्याला आधी एकाच गटात कोंडून ठेवले, त्यांच्याही वाचनात ते यावे, अशी माझी इच्छा आहे.

वाढत्या वयाच्या मुलाचे वजन वाढणे हा त्या मंडळींच्या लेखी बेशिस्तीचा पुरावा होता. वजन गटाच्या मर्यादेत बसावे म्हणून प्लास्टिकचा सूट घालून घाम निघेपर्यंत पळायला लावायचे, आदल्या दिवसापासून पाणी तोडायचे, आणि दुसऱ्या फेरीत मुलाचे पाय जड पडले की ‘दम कमी आहे’ असा शेरा मारायचा. गट बदला म्हटले, तर उत्तर ठरलेले असे: वर गेला तर मार खाईल.

आपल्याकडे आल्यानंतरच्या पहिल्या स्पर्धेत तो सवयीने तसाच, सुकलेल्या ओठांनी, वजनाच्या रांगेत उभा होता. आपण त्याला रांगेतून बाहेर घेतलेत, स्वतःची पाण्याची बाटली त्याच्या हाती दिलीत आणि ती रिकामी होईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिलात. त्या पाण्याबरोबर ती स्पर्धा गेली, हे आपणा दोघांनाही ठाऊक होते. आपण उपदेश केला नाहीत. ‘संध्याकाळी पॅकियाओ बघू’ एवढेच म्हणालात. पुढे आपण त्याच्यासाठी पुष्कळ केलेत, पण माझ्या मनातून ती बाटली जात नाही.

मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओची कारकीर्द आता आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. फिलिपिन्समधील जनरल सँटोस शहरात वाढलेला हा मुलगा १९९५ साली, सोळाव्या वर्षी, व्यावसायिक रिंगमध्ये उतरला, तेव्हा इतका किरकोळ होता की वजन भरावे म्हणून त्याने खिशात जड वस्तू घातल्या होत्या. हे त्यानेच पुढे सांगितले आहे. १९९८ च्या डिसेंबरात चॅटचाई सासाकुलला आठव्या फेरीत पाडून तो ११२ पौंडांच्या फ्लायवेट गटाचा जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी, थायलंडमध्ये, ते वाढते शरीर त्या आकड्यात मावेना. विजेतेपद वजनकाट्यावरच गेले आणि तिसऱ्या फेरीत पोटावर बसलेल्या ठोशाने तो कोसळला. माझ्या मुलाने हा भाग दोनदा लावायला सांगितला, असे आपणच मला म्हणाला होतात.

त्यानंतर पॅकियाओने मधले दोन गट ओलांडून थेट १२२ पौंडांचा सुपर बँटमवेट गट गाठला, आणि २००१ च्या जूनमध्ये लास व्हेगासला, जेमतेम दोन आठवडे आधी बदली म्हणून बोलावणे आलेले असताना, लेहलोहोनोलो लेडवाबाला सहाव्या फेरीत हरवले. फ्रेडी रोच प्रशिक्षक म्हणून त्याच्या कोपऱ्यात प्रथमच उभे राहिले, ते याच लढतीत.

मला स्वतःला सर्वांत पटली ती मात्र २००८ सालची गोष्ट. त्या मार्चमध्ये १३० पौंडांत लढलेला पॅकियाओ डिसेंबरात १४७ पौंडांच्या लढतीत ऑस्कर डे ला होयासमोर उभा राहिला, तेव्हा अनेक जाणकारांना काळजी वाटत होती ती लहान चणीच्या माणसाची. डे ला होया वरच्या गटातून वजन उतरवून आला होता. प्रत्यक्ष लढतीच्या रात्री खाली आलेला मोठा माणूस १४७ पौंड भरला, तर वर गेलेला लहान माणूस त्याच्याहून थोडा अधिकच भरला; आठव्या फेरीनंतर डे ला होया पुढे लढायला आला नाही. ‘वर गेला तर मार खाईल’ म्हणणाऱ्यांनी ही एक लढत तरी नीट पाहायला हवी होती!

पॅकियाओच्या आठ वजनगटांतील विजेतेपदांच्या हिशेबावर वाद घालणारे घालोत. २०१० साली मार्गारितोविरुद्धची लढत १५४ पौंडांच्या गटातील विजेतेपदासाठी असूनही मर्यादा आपसांत १५० ठरली होती, हे खरे आहे. पण मला त्या लढतीतले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. मार्गारितो रिंगमध्ये कितीतरी जड होता, तरी त्याचा चेहरा सुजून डोळा मिटत आला. पॅकियाओने लढत थांबवावी म्हणून पंचांकडे पाहिले, आणि ती थांबली नाही तेव्हा शेवटच्या फेरीत स्वतःच हात आवरता घेतला. विजेतेपदे मिळवणारे अनेक असतील, परंतु समोरच्याची अवस्था पाहून थांबणारी माणसे क्वचित भेटतात, आणि आपण मुलांना ठोशांबरोबर हेही आवर्जून दाखवता, याचे मला फार मोल वाटते.

नव्या गटातील पहिली लढत माझा मुलगा गुणांवर हरला. तिसऱ्या फेरीत मात्र तो पुढे सरकत होता, आणि घरी आल्यावर त्याने पोटभर जेवण मागून घेतले. त्याचे वजन पुन्हा थोडे वाढले आहे, आणि ते त्याने मला स्वतःहून, न घाबरता सांगितले. आता पुढचा गट आपण ठरवाल तो.

आपली कृतज्ञ,
आपल्या एका विद्यार्थ्याची आई