बाबांची गाडी पुन्हा रिव्हर्स घेते, काका

प्रिय मिस्त्री काका,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातल्या त्या भर दुपारी नागपुरात लोहापुलाजवळ बाबांची 1991 सालची मारुती 800 पहिल्या गिअरमध्ये पडेना. मागून हॉर्नवर हॉर्न. दोघा पोरांनी धक्का मारून गाडी तुमच्या कडुनिंबाखाली आणून दिली. त्याच आठवड्यात एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून क्लचचा सगळा सेट बदलायला सांगितलं होतं. त्याआधी दोनदा क्लचच्या केबलचा नट आवळून झाला होता आणि चार दिवसांत पुन्हा तेच, रिव्हर्स टाकला की करकर.

तुम्ही आधी पाना उचललाच नाही. हँडब्रेक ओढून चौथा गिअर टाकायला लावला आणि क्लच हळूहळू सोडायला सांगितला. इंजिन घुटमळून बंद पडलं, तसे तुम्ही म्हणालात, "क्लचप्लेट चांगली आहे बेटा. घासली असती तर इंजिन चालूच राहिलं असतं. गिअरबॉक्स कायले खोलायचा?" करकर रिव्हर्सलाच आधी का होते, तेही सांगितलंत. त्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दात जुळण्याआधी वेग सारखा करणारी कडी, नसतो, त्यामुळे पेडल दाबूनही क्लच इंजिनपासून पूर्ण सुटला नाही की पहिली बोंब तोच मारतो.

मग पेडल हाताने दाबून पाहिलंत. जवळजवळ अर्धं पेडल नुसतंच खाली जात होतं. बॉनेट उघडून केबलच्या टोकावरून माझं बोट फिरवलंत, तेव्हा तुटलेल्या तारा टोचल्या. सात-आठ तारा सुटल्या होत्या, उरलेल्या रोज ताणल्या जात होत्या. नट आवळून तो ढिलेपणा किती दिवस झाकणार?

नवी केबल तुम्ही टाकलीत, पण पाना माझ्या हाती दिलात. बाबांच्या गाडीला मी आजवर फक्त पुसलं होतं, काका. मी हौसेने नट आवळत सुटले तर तुम्ही हात धरलात. प्ले, म्हणजे पेडलची मोकळी चाल, अजिबात ठेवला नाही तर क्लचचं बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि झिजतं, वर प्लेटही घसरायला लागते. पट्टी लावून पेडलला साधारण 20 मिलिमीटर मोकळी चाल ठेवायला लावलीत. मग इंजिन चालू करून रिव्हर्स टाकला. करकर नाही, काहीच नाही. मला तिथेच रडू आलं आणि तुम्ही पाण्याची बाटली पुढे केलीत.

केबलचे पैसे घेतलेत, मजुरी घेतली नाहीत. ते बाबांना अजून पटलेलं नाही. पंच्याहत्तरीला आलेला माणूस आता रोज सकाळी धंतोलीपर्यंत गाडी नेऊन आणतो, आणि दर पहिल्या रविवारी मी पट्टी घेऊन पेडलपाशी बसते. काल मोजलं, 20 च आहे.

थंडीत कार्ब्युरेटर साफ करायचा म्हणाला होतात. दिवाळीनंतर येतो आम्ही. बाबाही येणार आहेत, मजुरीचं भांडण त्यांना स्वतः करायचं आहे.

तुमची,
पांढऱ्या 800 वाली